भाडोत्री तोंडं

मी लिहिलेलं एक वाक्य २०२५ च्या जूनमध्ये मला एका यंत्राच्या तोंडून ऐकावं लागलं. गावाकडून पुण्यात येऊन एमपीएससी करणाऱ्या गरीब पोरांसाठी अमुक एक क्लास सगळ्यात भरवशाचा मानला जातो, असं ते वाक्य. त्यातलं 'मानला जातो' खास माझं. कोण मानतं? कुणी नाही. मी मानतो, कारण महिन्याच्या सात तारखेला माझ्या खात्यात पगार पडतो.

ऐकवलं माझ्या मावशीच्या पोरानं. परभणीकडून रात्रीच्या एसटीनं आला. पाठीवर सॅक, हातात मावशीनं बांधून दिलेली भाकरी-चटणी. चहा पिता पिता म्हणाला, "दादा, फी भरून टाकली." कुठं म्हणून विचारलं तर त्यानं नाव सांगितलं, नि माझ्या घशाखाली चहा उतरेना.

"किती भरले?"

"पंचावन्न हजार. मायनं गटातून उचलले."

गट म्हणजे बचत गट. तुला हा क्लास सांगितला कुणी म्हणून विचारलं, तर त्यानं मोबाईल पुढं केला. प्रश्न त्याच्या बोलीतला होता; टाईप केलेला नव्हता, बोललेला होता. उत्तर शुद्ध मराठीत. खाली तीन व्हिडिओंच्या लिंका. तिन्ही व्हिडिओंची स्क्रिप्ट माझी.

दोस्तहो, हा माफीनामा नाही. माफी ज्याची मागायची त्याची मी मागितलीय. हे लिहितोय ते धंद्याबद्दल. आपल्यातली कितीतरी पोरं आज ह्या धंद्यात आहेत. कुणी कॅमेरा धरतं, कुणी एडिटिंग करतं, कुणी आवाज देतं, कुणी माझ्यासारखं लिहितं. आपण नेमकं काय करतोय हे त्यांना पुरतं ठाऊक नसतं. मालकाला असतं.

काम असं चालतं. क्लासवाला, बिल्डर, दवाखाना, साबणाची कंपनी, कुणीही एजन्सीकडं येतो नि म्हणतो, लोक आता दहा-दहा लिंका चाळत बसत नाहीत. यंत्राला विचारतात, यंत्र एकच उत्तर देतं, त्या उत्तरात माझं नाव आलं पाहिजे. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला लोकांसाठी खुलं झालं. गुगलनं शोधाच्या माथ्यावर स्वतःचं तयार उत्तर छापायला भारतात २०२४ च्या ऑगस्टमध्ये सुरुवात केली. तिथून बाजाराची जागा हलली. आधी पहिल्या पानावर येण्यासाठी मारामारी होती, आता एका परिच्छेदात येण्यासाठी आहे. पानावर दहा जण मावायचे, परिच्छेदात दोघं-तिघं मावतात. म्हणून भाव वाढला.

मग आधी प्रश्नांची यादी करायची. माणूस कसा विचारेल तसे प्रश्न. 'घरची परिस्थिती नाही, पुण्यात कुठला क्लास लावू.' 'बापाला सांगून आलोय, दोन वर्षांत पीएसआय होईन का.' हे प्रश्न लिहायचं काम माझं. का माझं? कारण ऑफिसात गावाकडची बोली मला एकट्याला येते. साहेबांची मराठी कोथरूडची. जिच्यावरून शाळेत मास्तर खी-खी करायचा ती माझ्या वस्तीची भाषा एकाएकी मालमत्ता झाली. मालकाची मालमत्ता, हे वेगळं सांगायला नको.

यादी झाली की एकेक प्रश्न चार-पाच यंत्रांना विचारायचा, उत्तर टिपून ठेवायचं, नि उत्तराखाली कुणाकुणाच्या लिंका दिल्यात ते बघायचं. तिथं वरचेवर व्हिडिओ दिसतात. ह्याचं कारण साधं आहे. यंत्राला क्रिएटरचं तोंड बघायची हौस नाही, बहुतेक वेळा ते व्हिडिओ बघतच नाही, वाचतं. यूट्यूबवर २००९ पासून बोललेल्याचं आपोआप लिखाण होऊ लागलं, नि यूट्यूब २००६ पासून गुगलच्याच खिशात आहे. न्यूयॉर्क टाइम्सनं एप्रिल २०२४ मध्ये छापलं, की ओपनएआयनं आपलं यंत्र शिकवायला यूट्यूबचे दहा लाख तासांहून जास्त व्हिडिओ अक्षरांत उतरवून घेतले. त्याच वर्षी जुलैत आणखी एक प्रकरण बाहेर आलं. ४८ हजारांहून जास्त चॅनेलांवरच्या १,७३,५३६ व्हिडिओंची कॅप्शनं उचलून एका संग्रहात घातली होती, नि ॲपल, एनव्हिडिया, अँथ्रोपिक, सेल्सफोर्स ह्या कंपन्यांनी तो संग्रह वापरला होता. चॅनेलवाल्यांना कुणी विचारलं नव्हतं. गावकीत बलुतेदाराला कुठं विचारायचे?

म्हणजे यंत्राचं खाणं दोन वेळचं. एक शिकताना, एकदाच, मिळेल तेवढं. दुसरं तुम्ही प्रश्न टाकला की त्याच क्षणी वेबवर हाताला लागेल ते. पहिल्या जेवणात आपलं ताट लागणं नशिबाचा भाग. दुसऱ्या जेवणात ताट लावून देणं हा आमचा धंदा.

त्यासाठी क्रिएटर गाठायचे. मोठा नको, मोठा महाग असतो नि नखरे करतो. पाच-दहा हजार सबस्क्रायबरवाला पोरगा पुरतो, कारण आता गर्दी जमवायची नसते, शब्द पेरायचे असतात. त्याला ब्रीफ जातं. व्हिडिओचं नाव प्रश्नाच्याच शब्दांत ठेव. पहिल्या मिनिटात क्लासचं पूर्ण नाव घे. 'हा क्लास', 'आपले सर' असलं मोघम बोलू नको, यंत्राला ते कळेलच असं नाही. आकडा सांग. आणखी दोन क्लासांशी तुलना कर, म्हणजे खरं वाटेल. एखादी खोट काढ, पण बारीक काढ: पार्किंग नाही, लिफ्ट जुनी आहे. आपोआप येणाऱ्या कॅप्शनमध्ये मराठी नावाचा मुडदा पडतो, तेव्हा आम्ही पाठवू ती फाईल चढव. खाली वर्णनात तेच पुन्हा लिही. दहा चॅनेलांवर दहा तोंडांनी एकच गोष्ट, पण शब्द निरनिराळे. एकच गोष्ट दहा जागी निराळ्या शब्दांत सापडली की दहा जणांचं एकमत आहे असं वाटतं. माणसालाही वाटतं, यंत्राला का वाटू नये?

ह्यामागं विद्वानांचा आधारही आहे. प्रिन्स्टन विद्यापीठ, दिल्लीची आयआयटी अशा ठिकाणच्या संशोधकांनी २०२३ मध्ये एक निबंध लिहिला, २०२४ मध्ये तो परिषदेत मांडला. मजकुरात आकडे, अवतरणं, संदर्भ घातले तर यंत्राच्या उत्तरात त्या मजकुराचं दिसणं चाळीस टक्क्यांपर्यंत वाढू शकतं, असं त्यांना आढळलं. संशोधकांनी खरा आकडा, खरा संदर्भ धरला असणार. एजन्सीनं फक्त 'घाला' एवढंच पाठ केलं. आमच्याकडं आकडा भाजीत मीठ घालतात तसा घालतात.

मे २०२४ मध्ये अमेरिकेत गुगलच्या ह्याच तयार उत्तरानं पिझ्झ्यावरचं चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये गोंद मिसळा असं सांगितलं होतं. शोध घेतला तर अकरा वर्षांपूर्वी रेडिटवर कुणीतरी केलेली थट्टा निघाली. जग हसलं. आमच्या साहेबांनी तो दाखला मीटिंगमध्ये भिंतीवर दाखवला नि म्हणाले, एका फुकटच्या थट्टेनं एवढं होतं, तर पैसे देऊन काय होईल बघा. माणूस हुशार आहे. तेच तर दुखणं आहे.

आता मुद्द्यावर येतो. क्रिएटरनं पैसे घेतले ह्यात मला पाप दिसत नाही. पोट सगळ्यांना आहे. पण पैसे घेतले हे सांगावं लागतं, आणि ते कसं सांगायचं ह्याचे नियम आहेत. जाहिरात मानक परिषदेचे आहेत, २०२१ पासून. केंद्राच्या ग्राहक खात्यानं जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शिका काढली, तिच्यात आहे, की व्हिडिओतली जाहिरात नुसती वर्णनात सांगून चालणार नाही. ती व्हिडिओत दिसली पाहिजे नि कानांनी ऐकूही आली पाहिजे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. कागद सगळे जागच्या जागी आहेत. अस्पृश्यतेचाही कायदा १९५५ पासून जागच्या जागी आहे.

आमच्या एजन्सीत काय होतं? व्हिडिओच्या कोपऱ्यात काही सेकंद 'पेड' अशी पाटी झळकते. तोंडानं बोलायचं नाही. ब्रीफमध्ये लिहिलेलं असतं, 'ऑडिओ स्वच्छ ठेवा.' स्वच्छ! हा शब्द वाचला की माझं टाळकं सरकतं. माझ्या आज्यानं ह्या शहराची घाण डोक्यावरून वाहिली, नि स्वच्छ कशाला म्हणायचं हे मला साहेब शिकवतात.

हा 'स्वच्छ' शब्द का, ते कळायला मला सहा महिने लागले. जे बोललं जातं तेच कॅप्शनमध्ये येतं. कॅप्शन यंत्र वाचतं. कोपऱ्यातली पाटी चित्रात राहते. म्हणजे पैसे घेतल्याची खूण चित्रात, नि कौतुक अक्षरांत. अक्षरं तेवढी यंत्राच्या पोटात जातात, खूण दाराबाहेर चप्पल काढून ठेवावी तशी बाहेर राहते. पलीकडून निघतं ते उत्तर. गुळगुळीत, कुणाच्याच बाजूचं नसलेलं, 'मानला जातो'. माझ्या मावसभावानं लिंक उघडून व्हिडिओ बघितला असता तर कदाचित त्याला कोपऱ्यातली पाटी दिसली असती. त्यानं उघडली नाही. कशाला उघडेल? उत्तर मिळालं होतं.

हवालावाले नोट धुतात, आम्ही शब्द धुतो. पण हे तंत्र आमच्या साहेबांनी शोधलेलं नाही. ह्या देशात ते फार जुनं आहे. कुणातरी माणसानं आपल्या पोटासाठी, आपल्या जातीच्या फायद्यासाठी एक वाक्य बोलायचं. मग बोलणाऱ्याचं नाव पुसायचं. नाव पुसलं की वाक्य अपौरुषेय होतं, मग ते कुणी बोललं, का बोललं, त्याला त्याचे किती मिळाले, हे विचारणारा पाखंडी. मनुस्मृतीवर निदान मनूचं नाव तरी होतं. म्हणून २५ डिसेंबर १९२७ ला महाडला तिची होळी करता आली. ह्या उत्तरावर नावच नाही. जाळायचं काय, मोबाईल?

आणि ह्या उत्तराला बळी कोण पडतं तेही बघा. साहेबांचा पोरगा यंत्राला क्लास विचारत नाही. त्याला विचारायला काका आहे, काकाचा बॅचमेट आहे, सोसायटीत दोन निवृत्त अधिकारी सकाळी फिरायला निघतात ते आहेत. यंत्राकडून तो कॉलेजचे निबंध लिहून घेतो. माझ्या मावसभावाला कोण आहे? बाप वीटभट्टीवर. गावातला एक जण पोलिसात लागला, तो फोन उचलत नाही. मास्तर म्हणतो, तुमच्यातल्यांना काय, राखीव आहे. तेव्हा रात्री दोन वाजता हा पोरगा यंत्राला विचारतो. ते त्याला आडनाव विचारत नाही, हिणवत नाही, 'पुन्हा सांग' म्हटलं तर पुन्हा सांगतं. पांढरपेशे ह्या गोष्टीला हसतात. मी हसत नाही. जन्मात पहिल्यांदा त्याच्याशी कुणीतरी अदबीनं बोललं म्हणून त्याचा त्याच्यावर विश्वास बसला. एजन्सीच्या बिलावर जी रक्कम लिहिलेली असते ती ह्या विश्वासाची किंमत आहे.

क्लासवाल्यांची लबाडी सरकारला ठाऊक नाही असं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं १३ नोव्हेंबर २०२४ ला कोचिंगच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. पास झालेल्याचा फोटो त्याच्या लेखी संमतीशिवाय वापरायचा नाही, नि ती संमती निकाल लागल्यानंतर घेतलेली असली पाहिजे. त्यानं कुठला कोर्स केला होता तेही लिहायचं. ह्याची गरज का पडली ते सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत विचारा. पोरगा स्वतःच्या खोलीत, मेसचं जेवण गिळत, पूर्व नि मुख्य काढतो. मुलाखतीआधी चार ठिकाणी फुकटचा मॉक इंटरव्ह्यू देतो. निकालाच्या दिवशी चारही बोर्डांवर त्याचा फोटो. बोर्डावरची ही लबाडी पकडायला नियम निघाला तोवर लबाडी बोर्डावरून उतरून उत्तरात जाऊन बसली. बोर्ड भररस्त्यात असतो, त्याचा फोटो काढून तक्रार करता येते. उत्तर मात्र ज्याचं त्याला, ज्याच्या त्याच्या खोलीत, नि दुसऱ्या दिवशी विचारलं तर शब्द बदललेले.

ह्याच पुण्यात बार्टी आहे. अनुसूचित जातीच्या पोरांना स्पर्धा परीक्षेचं विनामूल्य प्रशिक्षण देण्याच्या योजना ती राबवते. माझ्या मावसभावाला मिळालेल्या उत्तरात तिचं नाव नव्हतं. कसं असेल? पहिल्या मिनिटात तिचं पूर्ण नाव घ्यायचे कुणी कुणाला चार हजार रुपये दिलेले नव्हते.

चार हजार हा आमचा भाव. आमच्या यादीतला एक क्रिएटर आपल्याच वस्तीतला आहे. एका व्हिडिओचे चार हजार, महिन्याला दोन-तीन. आई चार घरची धुणीभांडी करते. चळवळीतले काही मित्र म्हणतात, असल्या पोरांना दलाल म्हणून उघडं पाडा. मी म्हणतो, आधी त्यांच्या घरचा गॅस भरा. त्या पोराला मी एवढंच म्हटलं होतं, की सुरुवातीला तोंडानं बोल, 'ह्या व्हिडिओचे मी पैसे घेतलेत.' कायदाही हेच सांगतो. तो बोलला. एजन्सीनं व्हिडिओ नाकारला, पैसे दिले नाहीत. तीन दिवसांनी त्याचा फोन आला. "दादा, तू म्हणालास म्हणून बोललो. माझे चार हजार गेले. तुझा पगार झाला का?"

झाला होता.

दुसरे मित्र ह्याच्या उलट बोलतात. ते म्हणतात, तुला एवढं तंत्र येतं तर ते चळवळीसाठी लाव. वीस चॅनेल काढू, वीस तोंडांनी आपले शब्द पेरू, यंत्र आपली भाषा बोलेल. त्यांचं बोलणं ऐकून मी दोन रात्री झोपलो नाही, कारण ते चूक नाही. पुरतं बरोबरही नाही.

३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. त्याची जाहिरात, फुकट नव्हे, पैसे घेऊन छापा म्हणून केसरीला विचारलं. केसरीनं नकार दिला. टिळक तेव्हा हयात होते. हातात पैसे असून आपल्याला जागा मिळाली नाही, कारण जागेवर जात बसली होती. आज जागेवर दुकानदार बसलाय. जात विचारत नाही, पैसे मोज नि ये म्हणतो. काही जण ह्यालाच समता म्हणतात. मूकनायकासाठी शाहू महाराजांनी अडीच हजार दिले होते. आज एकेक क्लास वर्षाला आमच्या एजन्सीला जे देतो, ते आपल्या वस्तीतल्या सगळ्या पोरांच्या फीपेक्षा जास्त भरेल. पैशाच्या शर्यतीत आपण उतरलो तर पहिल्या वळणावर आपटू. आणि तोंड कुणाचं, पैसा कुणाचा, हे लपवून आपण बोलायला लागलो, तर केसरीच्या जागेवर फक्त आपण जाऊन बसलो, एवढंच होईल.

पण गप्प बसणं हा त्याहून मोठा मूर्खपणा. बाबासाहेबांचं लिखाण महाराष्ट्र सरकार १९७९ पासून खंडांनी छापत आलंय, म्हणून त्यांच्याबद्दल विचारलं तर यंत्राला निदान वाचायला काही सापडतं. आपल्या रोजच्या जगण्याबद्दल काय सापडतं? कुठल्या पेठेत खोली देताना आडनाव विचारतात, कुठल्या क्लासात मागच्या बाकावर बसवतात, जात पडताळणीला कागद कुठले लागतात नि कुठं अडवतात, कुठला क्लास फी परत देतो, कुठला देत नाही. हे सगळं आपल्या तोंडात आहे, चहाच्या टपरीवर आहे, कुठं लिहिलेलं नाही. जे लिहिलेलं नाही ते यंत्राच्या लेखी घडलेलंच नाही. त्या रिकाम्या जागेत मग माझ्यासारखा भाडोत्री 'मानला जातो' लिहून ठेवतो.

म्हणून कारागिरी चोरा, दलाली टाका. पास झालेल्यानं बोलावं, नि नापास झालेल्यानं आधी बोलावं, कारण नापासाला कुणी विचारत नाही नि खरी गोष्ट त्यालाच ठाऊक असते. नाव पूर्ण घ्या. साल सांगा, फी सांगा, खोलीचं भाडं सांगा, अटेंप्ट किती झाले ते सांगा. व्हिडिओचं नाव पोरं विचारतात त्याच शब्दांत ठेवा. कॅप्शन बसून हातानं दुरुस्त करा, आपली बोली तिच्यात जशीच्या तशी येऊ द्या. आणि पहिल्याच वाक्यात तोंडानं बोला: ह्याचे मी पैसे घेतलेले नाहीत. घेतले असतील तर, इतके घेतलेत. तोंडानं बोललेलं कॅप्शनमध्ये जातं, ते पुसायला कुणाला तरी मुद्दाम हात घालावा लागतो.

विकत न घेतलेल्या तोंडाला कंपन्या किती घाबरतात ते २०२३ मध्ये सगळ्यांनी बघितलं. एप्रिलमध्ये रेवंत हिमतसिंगका नावाच्या तरुणानं बोर्नव्हिटात साखर किती आहे ह्याचा एक व्हिडिओ केला. कंपनीची कायदेशीर नोटीस आली. त्यानं माफी मागून व्हिडिओ काढून टाकला. पण तोवर तो लाखो मोबाईलांत गेला होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीनं साखर कमी केल्याची बातमी आली. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाईन विक्रेत्यांना कळवलं, की असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' म्हणून दाखवू नका. एक माणूस, एक मोबाईल. हे विसरू नका, पण नोटीस आली होती हेही विसरू नका. तो शिकलेला, इंग्रजी बोलणारा, वरच्या थरातला होता, तरी त्याला व्हिडिओ काढावा लागला. आपल्या पोराला नोटीस आली तर वकील कोण देणार, हे आधी ठरवून मग बोला. वस्तीतल्या दोन वकिलांशी मी बोललोय. एक हो म्हणाला.

यंत्रवाल्यांनाही सोडायचं कारण नाही. व्हिडिओ चढवताना यूट्यूब विचारतं, ह्यात पैसे घेऊन केलेली जाहिरात आहे का, नि तिथं खूण करावी लागते. म्हणजे ती खूण गुगलच्या दप्तरात आहे. व्हिडिओ त्यांचा, खूण त्यांची, उत्तरही त्यांचं. मग त्या उत्तरात 'हे सांगणाऱ्यानं पैसे घेतलेत' एवढी चार अक्षरं आणायला त्यांना अवघड जातं, असं मला कुणी सांगू नये. जगातली हर भाषा बोलणारं यंत्र केलंत, नि एवढं एक वाक्य बोलताना त्याची जीभ अडखळते? ही मागणी आपण ग्राहक खात्याकडं लेखी द्यायची आहे. मसुदा तयार आहे, सह्या हव्यात.

मावसभावाला मी सगळं सांगितलं. यादी, ब्रीफ, 'मानला जातो', सगळं. तो बराच वेळ मोबाईलकडं बघत बसला. मग म्हणाला, "असू दे दादा. पण आता तू खरं सांग, कुठला क्लास चांगला?" एवढी वर्षं क्लासांची जाहिरात लिहून मला ते सांगता आलं नाही.

फी परत मागायला दोनदा गेलो. काउंटरवरच्या पोरीनं पावतीच्या मागची बारीक अक्षरं दाखवली, भरलेली फी कुठल्याही कारणास्तव परत मिळणार नाही. तिच्यावर काय चिडणार, ती पण आपल्यासारखीच महिन्याला बारा हजारांवर. पावतीच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवलेत. मावशीला अजून सांगितलेलं नाही. गटाचा हप्ता दर महिन्याच्या दहा तारखेला असतो, तो मी भरतोय.

येत्या रविवारी त्याचा व्हिडिओ करायचा ठरलाय. क्लासचं पूर्ण नाव तो घेणार, वकिलाला विचारून. स्क्रिप्ट नाही, तो त्याच्या बोलीत बोलेल. कॅमेरा धरायला तोच वस्तीतला क्रिएटर येतोय, ज्याचे चार हजार गेले. हा अंक निघेपर्यंत माझी नोकरी असेल की नाही ठाऊक नाही. कॅप्शन मात्र मीच बसून दुरुस्त करणार आहे, आपोआप आलेल्यात 'बचत गट' धड उमटत नाही.